मोबाइलवरची ओळख, लग्नाआधीचं नातं आणि शरीअत: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, वर श्रीवर्धन-म्हसळा आणि खाली सावंतवाडीपर्यंतच्या घरांतून आलेले आहेत. काही मुलींनी विचारले, काही मुलांनी, बरेच आयांनी. मी शिक्षिका आहे, फतवा देत नाही. शाफई फिकहच्या (शाफई मताच्या धर्मशास्त्राच्या) किताबांत जे आहे, आपल्या देशाचा कायदा जे सांगतो आणि आपल्या मोहल्ल्यांत जे घडतं, ते एका जागी मांडते. तुमच्या घरातला पेच गुंतागुंतीचा असेल तर जाणत्या आलिमाला (धर्माच्या अभ्यासकाला) आणि गरज पडल्यास वकिलाला विचाराच.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कोकणातले बहुतेक सुन्नी मुसलमान शाफई आहेत, म्हणजे सुन्नींच्या चार फिकही मतांपैकी एक मानणारे. अरबी समुद्रातून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर ही परंपरा आपल्या किनाऱ्यावर, भटकळला आणि केरळात रुजली. उत्तर भारतात मात्र हनफी मताचा जोर आहे आणि यूट्यूबवर ऐकू येणारी बहुतेक उर्दू भाषणं त्याच मताची असतात. निकाहाच्या बाबतीत दोन्ही मतांत मोठा फरक आहे. तो ठाऊक नसल्यामुळे आपल्या मुलामुलींनी घोटाळे करून घेतलेले मी पाहिले आहेत.

ॲपवर किंवा इन्स्टाग्रामवर एखाद्याशी ओळख करून घेणं हराम आहे का?

ॲप हे साधन आहे. त्यावर तुम्ही काय करता, कशासाठी करता, यावर हुकूम ठरतो. मध्यस्थ घालून निकाहाची बोलणी करणं ही जुनीच रीत आहे. प्रेषितांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा (रजि.) यांनी स्वतः पुढाकार घेतला होता आणि नफीसा नावाच्या आपल्या मैत्रिणीमार्फत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मनाचा अंदाज घेतला होता. म्हणजे बाईने स्थळ सुचवलं म्हणून नाक मुरडण्याचा कोणालाही हक्क नाही.

निकाहाचा खरा इरादा आहे, घरातल्या एखाद्या जबाबदार माणसाला माहीत आहे, बोलणं कामापुरतं आणि अदबीने चाललं आहे, आणि ते कधी थांबवायचं किंवा कधी घरी न्यायचं हे ठरलेलं आहे, अशा बोलण्याला आजचे अनेक आलिम परवानगी देतात. टाइमपास म्हणून रात्री एक वाजेपर्यंत गप्पा, एकाच वेळी चौघींशी, आणि घरी पत्ता नाही, याला कोणीच देत नाही. कुरआनचे शब्द (१७:३२) ‘व्यभिचाराच्या जवळही जाऊ नका’ असे आहेत. मनाई तिकडे नेणाऱ्या वाटेपासून सुरू होते.

आम्ही फक्त चॅट करतो, कधी भेटलोही नाही. तरी गुन्हा?

परक्या स्त्री-पुरुषाने एकांतात बसू नये, ही हदीस (प्रेषितांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. फिकहमध्ये एकांत म्हणजे प्रत्यक्ष जागेतला एकांत. त्यामुळे चॅटिंगला तंतोतंत तेच नाव लावता येत नाही, असं काही आलिम म्हणतात. पण दार लावून, पांघरुणात फोन घेऊन केलेल्या बोलण्याचा परिणाम तोच होतो, म्हणून त्यांतले बरेच जण ते रोखतातही. मला हे पटतं. माणूस समोर नसतो तेव्हा जीभ जास्त सैल सुटते. समोरासमोर जी मुलगी मान वर करून बोलणार नाही, ती तिसऱ्या आठवड्यात घरातली सगळी गाऱ्हाणी लिहून मोकळी होते आणि समोरचा ते सगळं साठवून ठेवतो.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर विचारा, हा चॅट मोठ्या भावाने किंवा खालाने (मावशीने) वाचला तर चालेल का? चालणार नसेल तर उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

प्रेम वाटणं हेच पाप आहे का?

नाही. मनात आपोआप येणाऱ्या भावनेचा हिशोब मागितला जात नाही, त्या भावनेपायी तुम्ही काय करता त्याचा मागितला जातो.

बुखारीत बरीरा आणि मुगीस यांची हकीगत आहे. बरीरा गुलामीतून मुक्त झाल्यावर तिला नवऱ्याबरोबर राहायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क मिळाला आणि तिने वेगळं होणं पसंत केलं. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरायचा, दाढी आसवांनी भिजायची. प्रेषितांनी (स.) त्याला झिडकारलं नाही. उलट त्याच्यासाठी बरीराकडे शब्द टाकला. तिने विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो. ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. आणि तिथे तो विषय संपला. त्याच्या प्रेमाची कदर झाली आणि तिचा नकारही मानला गेला. ‘तू हो म्हण, नाहीतर मी हाताची नस कापून घेईन’ असे मेसेज पाठवणाऱ्या आपल्या पोरांनी ही हदीस जरूर वाचावी.

लग्न ठरवायचं म्हणून भेटायचं तर कसं?

भेटायलाच हवं. हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांनी एका अन्सारी मुलीला मागणी घातली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आधी तिला पाहून यायला सांगितलं, त्याने दोघांत जिव्हाळा टिकेल म्हणून. तिच्या आईबापांना ते रुचलं नाही. तेव्हा पडद्याआडून मुलगीच म्हणाली, प्रेषितांनी सांगितलं असेल तर पाहा. शाफई मतानुसार मागणी घालणाऱ्याला चेहरा आणि हात पाहण्याची मुभा आहे, एकापेक्षा जास्त वेळाही. मुलीलाही मुलाला पाहण्याचा तेवढाच हक्क आहे, हे आपण सोयीने विसरतो.

दापोलीकडच्या एका घरात पाहिलेली बैठक सांगते. मुलगा कुवेतहून सुट्टीवर आलेला. मोठी माणसं माजघरात चहाला बसली. मुलगा-मुलगी पडवीत, मध्ये एक रिकामी खुर्ची. दार सताड उघडं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला नानी सूप घेऊन जवळा निवडत बसलेली, ऐकू जाणार नाही पण दिसेल अशी. मुलीने वहीत प्रश्न लिहून आणले होते: कर्ज किती आहे, मला बीएड पूर्ण करू द्याल का, तिकडे न्याल की मी इथे सासूबाईंकडे राहायचं, रागावलात की काय करता. शेवटच्या प्रश्नावर मुलगा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, बोलणं बंद करतो, हे वाईट आहे, मला कळतं. अर्ध्या तासात जेवढं कळलं तेवढं सहा महिन्यांच्या इमोजींत कळलं नसतं. अशी बैठक एकदा होऊन भागलं नाही तर दोनदा, तीनदा करा. शरीअत आड येत नाही.

फोटो पाठवायचा का?

साधा, हिजाबातला, घरच्यांच्या फोनवरून आणि मुलाच्या आईच्या किंवा बहिणीच्या फोनवर. तरी प्रत्यक्ष दाखवणंच बरं, कारण पाहून झाल्यावर माणूस निघून जातो, फोटो मात्र समोरच्या फोनमध्ये राहतो. दुसरा कुठलाही फोटो, कितीही विश्वास असो, कितीही शपथा घातलेल्या असोत, कधीही पाठवू नका. मुलांनीही नाही.

हे सगळे नियम मुलींसाठीच का?

मुळीच नाहीत. कुरआनची सूरह नूर उघडा. नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे (२४:३०) आणि मग स्त्रियांना (२४:३१). व्यभिचाराबद्दलच्या आयतीत (२४:२) स्त्री आणि पुरुष दोघांची नावं घेऊन एकच शिक्षा सांगितली आहे. एकांताची हदीस तर पुरुषालाच उद्देशून आहे.

आपल्या मोहल्ल्यांत काय होतं? मुलाचं प्रकरण उघडकीला आलं तर ‘पोरगा आहे, वय आहे’ म्हणून त्याला मुंबईला मामूकडे किंवा आखातात धाडतात. मुलीचं उघडकीला आलं तर तिचं कॉलेज बंद, फोन जप्त आणि मिळेल त्या स्थळाशी महिनाभरात निकाह. याला दीन (धर्म) म्हणू नका. ही आपली भीती आहे आणि तिच्यावर आपण दीनचं नाव लिहिलं आहे. मुलाच्या फोनला हात न लावता मुलीचा फोन रोज तपासणाऱ्या आईला मी दर वेळी हेच सांगते.

साखरपुडा झालाय. आता गणपतीपुळ्याला फिरून आलो तर काय बिघडलं?

मागणी आणि साखरपुडा म्हणजे वायदा. निकाह होईपर्यंत तुम्ही एकमेकांना परकेच आहात. चार लोकांत, घरच्यांसोबत जा, बोला. एकट्याने नको.

मुलाची सुट्टी संपत आली आहे, लग्नाला वर्ष आहे आणि दोघांना मोकळेपणाने बोलायचं आहे, तर सरळ उपाय आहे: निकाह आता लावा, रुखसत (पाठवणी) नंतर करा. कोकणात कित्येक घरांत असं होतं. निकाहनंतर ते नवरा-बायको आहेत, तासभर बोलोत की चार तास. पण याचं वजन ओळखून करा. रुखसतीआधी बिनसलं तरी तलाकच लागेल, आणि ठरलेल्या मेहरचा (नवऱ्याने मुलीला द्यायच्या रकमेचा) निम्मा हिस्सा मुलीचा (कुरआन २:२३७).

तो म्हणतो, दोन मित्र साक्षीदार म्हणून घेऊ, व्हिडिओ कॉलवर कबूल म्हणू, की आपण हलाल. खरं आहे का?

शाफई मतात नाही. निकाहाला मुलीचा वली (पालक) लागतो: बाप, तो नसेल तर बापाकडचे आजोबा, मग सख्खा भाऊ, बापाकडून सावत्र भाऊ, भावांचे मुलगे, चाचा अशा क्रमाने. ‘वलीशिवाय निकाह नाही’ ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीच्या संग्रहांत आहे. शिवाय दोन भरवशाचे साक्षीदार लागतात. वलीच नाही तर तो निकाहच झाला नाही, आणि त्यानंतरचं सगळं नातं निकाहाबाहेरचं ठरतं.

इथे मुलं मोबाइलवर सापडलेलं हनफी मत पुढे करतात. हनफी मतानुसार सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते, हे खरं आहे. पण त्याच मतात मुलगा तोलामोलाचा नसेल किंवा मेहर फारच कमी ठरला असेल तर वलीला हरकत घेता येते, आणि साक्षीदारांची अट तिथेही आहेच. कोर्टात हा प्रश्न फार जुना आहे. १८६४ साली मुंबई हायकोर्टासमोर शाफई घरातल्या एका सज्ञान मुलीचं प्रकरण आलं होतं. तिने हनफी मत स्वीकारून बापाच्या संमतीशिवाय केलेला निकाह कोर्टाने मान्य केला. तेव्हा कायद्याच्या नजरेत अशा निकाहाला वाव आहे. मात्र अभ्यास करून, विचाराने मत बदलणं वेगळं आणि रात्री अकराला त्याने लिंक पाठवली म्हणून तासापुरतं हनफी होणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला दोन्हीकडचे आलिम मान हलवणार नाहीत.

व्हिडिओ कॉलबद्दल: जेद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० साली फोन आणि तत्सम साधनांवरून होणाऱ्या करारांना मान्यता दिली, पण निकाह त्यातून वगळला, कारण साक्षीदार समोर लागतात. मुलगा परदेशात अडकला असेल तर तो आपला वकील (प्रतिनिधी, कोर्टातला नव्हे) नेमू शकतो. तो वकील इथल्या मजलिसीत त्याच्या वतीने कबूल करतो. ही पद्धत चारही मतांत चालते आणि कुवेत-कतारला असलेल्यांच्या घरांना ती चांगली ठाऊक आहे.

मुलींनो, लपवून निकाह मागणाऱ्याला एकच सांगा: ये, माझ्या अब्बांशी बोल. खऱ्या इराद्याचा माणूस घाबरत घाबरत का होईना, येतो.

मुलगा चांगला आहे, पण अब्बा कारण न देता अडून बसले आहेत. मग?

फिकहने हेही पाहून ठेवलेलं आहे. मुलगी सज्ञान, मुलगा तिच्या बरोबरीचा आणि दीनदार, मुलीची मर्जी आहे, तरी वली विनाकारण अडवतो, तर तो अन्याय ठरतो आणि निकाह लावण्याचा अधिकार काझीकडे जातो. ‘त्यांचं घर आपल्यापेक्षा खालचं’, ‘ते खलाशी, आपण जमीनदार’, ‘ते त्या गावचे’ ही कारणं घेऊन किती मुली तिशी ओलांडून बसल्या आहेत, ते आपल्या जमातीतल्या कोणालाही विचारा. आधी चाचा, मामू, पेशइमाम यांना मध्ये घाला. पळून जाण्याआधी काझीचं दार ठोठावा. जमातीच्या मंडळींनीही अशा मुलीला ‘बापाचं ऐक’ म्हणून परत पाठवू नये. तिचं ऐकून घेणं हे त्यांचं काम आहे.

आणि मुलगी नको म्हणत असताना बापाने लावून दिलेला निकाह?

जुन्या शाफई किताबांत बापाला कुंवार मुलीचा निकाह ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. तो मोकाट नव्हता: मुलगा तोलामोलाचा हवा, मेहर देण्याची ऐपत हवी, बाप-मुलीत वैर नको, आणि तिची इजाजत घेणं तरीही उत्तम मानलेलं. मुस्लिमच्या हदीसमध्ये कुंवार मुलीची इजाजत घेतली जाईल असं आहे. आणि अबू दाऊदमध्ये, बापाने मर्जीविरुद्ध निकाह लावल्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला प्रेषितांनी (स.) निर्णय घेण्याचा हक्क दिला.

भारतीय कायद्यात तर प्रश्नच नाही. सज्ञान मुलीच्या संमतीशिवाय लावलेला निकाह रद्दबातल आहे, आणि शाफई मुलीच्या बाबतीतही मुंबई हायकोर्टाने १९३९ साली तसाच निकाल दिला. ‘गप्प बसली म्हणजे हो’ हे तिथेच लागू होतं जिथे तिला नाही म्हणण्याची मोकळीक आहे. रडून डोळे सुजलेल्या मुलीचं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. निकाहाचा वकील मुलीची सही घ्यायला आत जातो तेव्हा त्याने ती सही बायकांच्या गर्दीत उरकू नये.

लग्नाआधीच्या संबंधांना भारतात शिक्षा आहे का?

दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना भारतीय कायद्यात शिक्षा नाही. १९३७ च्या शरीअत कायद्याने निकाह, तलाक, मेहर, वारसा असे विषय आपल्या व्यक्तिगत कायद्यात ठेवले. फौजदारी कायदा सगळ्या भारतीयांना एकच आहे. शरीअतमध्ये या गुनाहाची सजा आहे, पण ती देण्याचा अधिकार इस्लामी राज्याच्या न्यायालयाला, तोही चार प्रत्यक्ष साक्षीदार किंवा स्वतःची कबुली असेल तर. जमातीला, भावाला, मोहल्ल्यातल्या पोरांना तो अधिकार कोणत्याच किताबात नाही. हात उचलला तर तुम्ही दोन्ही कायद्यांचे गुन्हेगार.

दोन ठिकाणी कायदा कडक आहे. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालील असेल तर त्याच्या होकाराला किंमत नाही, २०१२ चा पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा) कायदा लागतो. बारावीतल्या मुलीशी ‘तिच्याच मर्जीने’ संबंध ठेवणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराने हे नीट समजून घ्यावं. आणि लग्न करायचं मनात नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली १० वर्षांपर्यंत कैद आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

भाट्याच्या समुद्रावर, थिबा पॉइंटला आपल्या मुली मुलांबरोबर दिसतात. आम्ही व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो, म्हणजे बाकीच्यांना धाक बसेल. यात सवाब (पुण्य) नाही का?

नाही. यात एकावर एक गुनाह आहेत.

पाळत ठेवू नका, पाठीमागे निंदा करू नका, हा सरळ हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे (४९:१२). पाकदामन (चारित्र्यवान) बाईवर आळ घेऊन चार साक्षीदार आणता आले नाहीत तर आळ घेणाऱ्यालाच ८० फटके आणि त्याची साक्ष कायमची बाद (२४:४). लक्षात घ्या, एक-दोघांनी किंवा तिघांनी पाहिलं तरी पुरत नाही, चौथा लागतो. यातून अल्लाहला काय हवं आहे ते ओळखा: लोकांच्या अब्रूवर पडदा राहावा. आणि तुम्ही काय पाहिलेलं असतं? बाकड्यावर बसलेली दोन मुलं. तो तिचा भाऊ असेल, वर्गमित्र असेल, निकाह झालेला नवरा असेल. व्हिडिओ शंभर फोनांत गेल्यावर खरं काय ते सांगायला तुम्ही शंभर घरी जाणार आहात का?

अशा व्हिडिओनंतर एका मुलीने नर्सिंगचं शिक्षण सोडलं, हे मी जवळून पाहिलं आहे. तिच्यासोबत होता तो तिचा मावसभाऊ, वसतिगृहात तिचं सामान पोचवायला आलेला. ज्याने व्हिडिओ टाकला तो आजही पहिल्या सफेत (रांगेत) नमाज पढतो. त्याने अल्लाहची माफी मागितली असेल, पण त्या मुलीकडे तो गेलेला नाही, आणि माणसाचा हक्क मारला असेल तर त्या माणसाची माफी लागते.

कायद्यानेही बाईचा पाठलाग करणं आणि तिची बदनामी करणं गुन्हा आहे. खरोखर कोणाची काळजी वाटत असेल तर एकट्याने, नरमाईने, तिच्या आईच्या किंवा बहिणीच्या कानावर घाला. कॅमेरा खिशात ठेवा.

तो माझे फोटो घरी पाठवायची धमकी देतोय. मी काय करू?

आधी हे ऐका: फोटो पाठवणं ही तुमची चूक असेल, पण आत्ता जुलूम तो करतो आहे, आणि जुलूम सोसत राहणं तुमच्यावर फर्ज नाही.

पैसे देऊ नका, ‘शेवटचं एकदा भेट’ म्हणेल तर भेटायला जाऊ नका. एकदा दिलं की मागणी वाढते. चॅट, नंबर, धमक्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग ब्लॉक करा. घाबरून चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे. तक्रार १९३० या क्रमांकावर, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. जिवाला धोका वाटला तर ११२. वय १८ च्या आत असेल तर १०९८ वर चाइल्डलाइन. असे फोटो पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई, ६७ आणि ६७-ए कलमांखाली गुन्हा आहे.

आणि घरातल्या एका माणसाला सांगा. आज रात्रीच. आईची भीती वाटत असेल तर खालाला, बाजीला, वहिनीला. अशा प्रकरणांतली माझी सगळ्यात मोठी धास्ती त्या मुलाची नसते, एकटीने हे ओझं वाहणाऱ्या मुलीची असते.

आईबापांनो, मुलगी हे सांगायला आली तर पहिल्या दिवशी एकही बोल लावू नका.

‘दुबईचा इंजिनियर’ निकाह करणार म्हणतो, पार्सल कस्टममध्ये अडकलंय म्हणून पैसे मागतो.

फसवणूक आहे. आपल्या भागात प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आखातात असल्यामुळे ही थाप इथे चटकन पचते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता जास्त.

पूर्वी माझं एक नातं होतं. तौबा केली आहे. आलेल्या स्थळाला सांगावं लागेल का?

नाही. अल्लाहने ज्यावर पडदा टाकला तो स्वतः फाडू नये. आपले गुनाह स्वतःहून जाहीर करणाऱ्याबद्दल बुखारी-मुस्लिममध्ये सक्त शब्द आहेत. सच्ची तौबा करणाऱ्याच्या वाईटाच्या जागी अल्लाह भलाई लिहितो, असं कुरआन सांगतं (२५:७०). म्हणून होणाऱ्या नवऱ्यानेही ‘आधी कोणी होतं का’ असं खोदून विचारू नये. तेही पाळत ठेवण्यासारखंच आहे.

पण ज्याचा परिणाम संसारावर होणार आहे ते लपवता येत नाही: आधीचा निकाह, तलाक, मूल, गंभीर आजार, कर्ज, तिकडे दुसरी बायको असणं. हे लपवणं म्हणजे फसवणूक.

मुलगा (किंवा मुलगी) दुसऱ्या धर्मातला असेल तर?

शरीअतमध्ये मुस्लिम मुलीचा बिगरमुस्लिम पुरुषाशी निकाह होत नाही. पुरुषाला यहुदी-ख्रिस्ती स्त्रीशी परवानगी आहे (५:५), पण शाफई किताबांत त्यालाही अटी आहेत. देशाचा कायदा वेगळा: १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, ३० दिवसांची नोटीस देऊन, कोणत्याही धर्मातले स्त्री-पुरुष लग्न करू शकतात. त्यासाठी मुलीचं वय १८, मुलाचं २१ पूर्ण हवं. फक्त लग्नापुरतं कलमा पढायला लावणं हे दोन्ही बाजूंनी खोटं वागणं आहे, त्यात पडू नका.

मुतअ, म्हणजे ठराविक मुदतीचा निकाह?

चारही सुन्नी मतांत हराम. इस्ना अशरी (बारा इमाम मानणाऱ्या) शियांमध्ये त्याला मान्यता आहे. शाफई मुलीला कोणी हा मार्ग सुचवत असेल तर त्याचा हेतू ओळखा.

निकाहाची ॲप्स चांगली की वाईट?

जीवनसाथी शोधायलाच बनवलेली ॲप्स आणि नुसत्या डेटिंगची ॲप्स यांत फरक करा. मुस्लिमांसाठीच्या मझ या ॲपमध्ये (पूर्वीचं मझमॅच) वलीला किंवा घरातल्या माणसाला बोलण्याची प्रत मिळेल अशी सोय आहे. ती चालू ठेवायला जो हरकत घेतो त्याच्याशी पुढे बोलू नका. पत्ता, कॉलेज, रोजची एसटी कोणती, हे लिहू नका. आणि ॲपवर जमलं म्हणून चौकशी टाळू नका: गावच्या जमातीत विचारा, तो जिथे काम करतो तिथल्या आपल्या माणसांना विचारा, तिकडचं ओळखपत्र पाहा. इस्तिखारा (अल्लाहकडे योग्य मार्ग मागण्याची नमाज) जरूर करा, पण चौकशीही करा.

मी बाप आहे. मुलगी म्हणाली, ‘अब्बा, ऑनलाइन एक मुलगा भेटलाय, मला तो पसंत आहे.’ मी काय करायचं?

ती तुमच्याकडे आली, हे आधी ध्यानात घ्या. ती पळून गेली नाही, लपवून निकाह केला नाही, वलीला विचारायला आली. शरीअतने तिच्याकडून जे मागितलं तेच तिने केलं. त्याच क्षणी तुम्ही तिचा फोन हिसकावून घेतलात तर तिची धाकटी बहीण ते दाराआडून पाहत असते, आणि ती कधीच विचारायला येणार नाही.

तिला बसवून विचारा: किती दिवसांपासून ओळख आहे, भेट झाली आहे का, तो नमाजी आहे का, कमावतो काय, घरी सांगितलंय का. रागावलात तरी चालेल, बाप आहात. पण चौकशी एखाद्या आलेल्या स्थळाची करता तशीच करा, कमी नाही आणि जास्तही नाही. चौकशीत खोट निघाली तर ती पुराव्यासकट तिच्यासमोर ठेवा. ‘मी सांगतो म्हणून नको’ यावर आजची शिकलेली मुलगी गप्प बसेल, पण तिला पटणार नाही.

आणि मुलगा बरा निघाला तर वाट मोकळी करा. हॉल मिळत नाही, सोन्याचा भाव उतरू दे, भावाची सुट्टी जुळू दे, म्हणून दोन-दोन वर्षं ताटकळत ठेवलेली जोडपी मी पाहते आणि मग त्यांचं पाऊल घसरलं की आपण त्यांनाच बोल लावतो. मेहर द्यायला काहीच नसलेल्या माणसाला प्रेषितांनी (स.) लोखंडाची अंगठी तरी शोधून आण म्हटलं होतं, आणि तीही मिळाली नाही तेव्हा त्याला पाठ असलेल्या कुरआनवर निकाह लावून दिला. मशिदीत निकाह, घरच्यांना जेवण, ऐपतीपुरता मेहर, एवढ्यात निकाह पुरा होतो. मुलाकडच्यांनी फर्निचर किंवा गाडी ‘खुशीने’ मागितली तर १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात ती मागणी येते. मेहर त्यात येत नाही, कारण मेहर मुलीचा हक्क आहे. निकाहनाम्यात तो आकड्यांत लिहून घ्या, नंतर महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली विवाहाची नोंदणीही करा. मुलगा परदेशात असेल तर मुलीच्या व्हिसासाठी तो दाखला पुढे लागणारच आहे.